इंजिन बदललं म्हणून गाडी बाटत नाही

धर्मापुरीच्या चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिराला कुणी टाइल्स लावायला निघालं तर आपण आडवे पडू. मग जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये मोठं इंजिन बसवणाऱ्याला मोकळं का सोडायचं? जुन्या गाड्यांच्या सोवळ्या भक्तांचा हा पूर्वपक्ष. ऐकायला बिनतोड वाटतो. पण मंदिराच्या खांबाला लाख-दोन लाख किलोमीटरनंतर बोअर मारून घ्यावा लागत नाही. देऊळ एका जागी उभं राहण्यासाठी घडवलं, गाडी पळण्यासाठी. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्लच प्लेट बदलत बदलतच ती इथवर आलेली असते.

आणि हे सोवळं कारखान्यांनी तरी कुठे पाळलं? १९५५ साली एमजीए ही देखणी इंग्रज स्पोर्ट्स कार आली ती १४८९ सीसीचं बी-सीरिज इंजिन घेऊन. त्याच घराण्यातलं, तेवढ्याच सीसीचं इंजिन आपल्या अँबेसेडरमध्ये होतं. स्पोर्ट्स कारचा तथाकथित आत्मा आपल्याकडे वऱ्हाडं वाहत होता! पुढे अँबेसेडरवाल्या हिंदुस्थान मोटर्सने ते आपल्या कॉन्टेसा या मोठ्या गाडीत घातलं. एवढ्या अवजड गाडीला ते पुरेना, तेव्हा कंपनीनेच इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन बसवलं. आज शौकीन शोधत फिरतात ती हीच इसुझूवाली कॉन्टेसा.

एमजीएची वारसदार एमजीबी, तिची गोष्ट तर आणखी मासलेवाईक. केन कॉस्टेलो नावाच्या इंग्रज गृहस्थाने तिच्या १७९८ सीसीच्या इंजिनाच्या जागी रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ बसवून दाखवलं आणि १९७३ मध्ये कंपनीने स्वतःच तशी एमजीबी बाजारात आणली. रोव्हरचं इंजिन ॲल्युमिनियमचं, म्हणून सिलिंडर दुप्पट होऊनही गाडीचं नाक जड झालं नाही. सनबीम टायगर या स्पोर्ट्स कारमध्ये मात्र फोर्डचं व्ही-८ इतकं दाटीवाटीने कोंबलं होतं, की मागचा एक स्पार्क प्लग काढायला गाडीत बसून इंजिनाआडच्या पत्र्यातल्या भोकातून हात घालावा लागे. तरीही ती आज मानाची क्लासिक आहे. कारखान्याने केलं की परंपरा आणि गॅरेजवाल्याने केलं की विटाळ, हा न्याय मला कळत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो खरा आहे आणि माझ्या बाजूच्या उत्साही मंडळींना तोच ऐकायचा नसतो. वेग ताशी ८० वरून १२० किलोमीटरवर गेला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते. जुने ड्रम ब्रेक दोन-तीनदा दाबले की तापून ढिले पडतात. गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, क्राउन-पिनियन हे सगळं जुन्याच ताकदीच्या बेताचं असतं. म्हणून आधी ब्रेक, पाटे, रेडिएटर आणि सर्वांत शेवटी इंजिन. हा क्रम उलटा करणाऱ्या मिस्त्रीच्या हाती किल्ली देऊ नये.

उरला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेला तपशील आणि आरसी बुक यांत तफावत पडेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. २०२१ च्या नियमांनी पन्नाशी उलटलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी दिली, तीही मूळ रूपात असेल तरच. ते ठीक आहे, संग्रहाला संग्रहाचे नियम हवेतच. पण रस्त्यावरच्या गाडीचं काय? मान्यताप्राप्त किट वापरून तिचं इंजिन अख्खं उपटा, विजेची मोटर बसवा, कायदा वाट देतो. पेट्रोलच्याच थोड्या मोठ्या इंजिनाला मात्र ती वाट नाही. विजेची किट तपासणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. तिथे मोठं इंजिन बसवलेल्या गाडीचेही ब्रेक, चॅसी, धूर सगळं कसून तपासावं, नवा इंजिन क्रमांक आरसीवर चढवावा आणि वाटल्यास फी दुप्पट घ्यावी. जुन्या क्रमांकाआड नवं इंजिन लपवून फिरणाऱ्यांची वकिली मी करत नाही. त्यांना पकडाच.