टाऊन हॉल राखणाऱ्या बायकांकडून

मा. नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक आणि नगरसेविका यांस,



हे पत्र उघड लिहावं लागतंय, कारण बंद पाकिटातल्या आमच्या अर्जांवर तुमच्या आवक विभागाचा शिक्का पडला आणि पुढे काहीच झालं नाही. पोच आहे, उत्तर नाही. जे विचारायचं ते आता साऱ्या गावासमोर विचारते.

मागच्या सर्वसाधारण सभेत आपला टाऊन हॉल पाडून तिथे व्यापारी संकुल बांधायचा विषय आला. खाली गाळे, वर कार्यालयं आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर बहुउद्देशीय सभागृह. आमच्या महिला मंडळाच्या काहीजणी मागच्या बाकांवर बसून ऐकत होत्या. मंडळाचं काय, असं कुणीतरी विचारलं. त्यावर एक सन्माननीय सदस्य म्हणाले, "बायकांचं हळदीकुंकू काय, कुठंही होईल." सभागृह हसलं. पुढचा विषय पुकारला गेला.

आम्हाला लागलं ते हे हसणं. हॉल पाडायच्या प्रस्तावावर वाद घालता येतो, आम्ही घालूही. पण इतकी वर्षं एका पिढीने दुसरीच्या हाती दिलेलं काम एका वाक्यात कुणी उडवून लावावं आणि सभागृहाने हसून त्याला साथ द्यावी, याची भरपाई कुठल्या ठरावाने होणार?

हळदीकुंकू आम्ही करतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या हॉलमध्ये आणखी काय झालं, तेही ऐका. संस्थानी अमदानीत तो बांधला तेव्हा बायकांची जागा वर माडीवर होती, चिकाच्या पडद्याआड. खाली पुरुषांच्या सभा, व्याख्यानं, नाटकं. वरून आमच्या आज्या-पणज्यांनी ती पडद्याच्या फटींतून पाहिली. पंडिता रमाबाईंनी पुण्यात १८८२ साली आर्य महिला समाज काढला. रमाबाई रानडे १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी बसल्या, १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं. ते वारं आमच्यासारख्या गावात पोचायला वेळ लागला, पण पोचलं. माडीवरच्या बायका जिना उतरून खाली आल्या, आणि आमच्या मंडळाची पहिली सभा त्याच फरशीवर भरली. प्रौढ साक्षरतेचे वर्ग, शिवणवर्ग, बालवाडी, सगळं तिथंच झालं. १९७२ च्या दुष्काळात सुकडी वाटली ती त्याच ओसरीवरून. २०१९ च्या महापुरात नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, तेव्हा उंच जोत्यामुळे तो हॉल कोरडा राहिला. पूरग्रस्तांसाठी चूल पेटली ती तिथेच, आणि ती पेटवणाऱ्या बायका याच.

पण माझं खरं दुखणं याहून खोल आहे. हॉल आम्ही नुसता वापरला असं तुम्हाला वाटतं. तो आज उभा आहे कशामुळे, हे तुमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही.

मृग लागायच्या आत दर वर्षी आम्ही कौलं चाळून घेतो. फुटकी काढून त्या जागी जुनी साठवलेली मंगलोरी कौलं बसवतो. पन्हळींतला पाला काढतो, कारण पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत उतरतं आणि सागाच्या कैचीचं टोक कुजायला सुरुवात होते. भिंतीत पिंपळाचं रोप दिसलं की ते बोटाएवढं असतानाच मुळासकट काढतो. लाकडाला अळशीचं तेल लावतो, जोत्याला वाळवीची वाट दिसते का ते पाहतो. उन्हं पडली की खिडक्या उघडतो, संध्याकाळी लावून घेतो. कोंडलेली हवा जुन्या इमारतीला पावसाइतकीच वाईट. गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याने आमच्या आधीच्या पिढीला चुन्याचं काम शिकवलं: कळीचा चुना भिजवून किती दिवस मुरवायचा, वाळू कुठली घ्यायची, गुळाचं पाणी, हिरडा आणि बेलफळ कशासाठी. त्या बायकांनी ते वहीत उतरवलं. ती वही मंडळाच्या कपाटात आहे. या सगळ्याचा खर्च दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी आणि उन्हाळ्यातले पापड-कुरडया यांतून निघाला.

हे काम बायकांनी केलं, झाडू आणि शिडी घेऊन केलं, म्हणून ते तुम्हाला घरकाम वाटलं. घरकामाची नोंद कुठल्या दप्तरात होत नाही, तशी याचीही झाली नाही. हेच काम एखाद्या सल्लागार कंपनीने केलं असतं तर त्याला वारसा जतन म्हटलं गेलं असतं आणि अंदाजपत्रकात त्याचं पान असतं. जुनी इमारत टिकते ती अशाच रोजच्या किरकोळ देखभालीने. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता: जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुनं बदलून टाकण्यापेक्षा गळतं छप्पर वेळेवर दुरुस्त करा, रोज काळजी घ्या. आमच्या मंडळातल्या बायकांनी मॉरिस वाचला नव्हता. त्यांना पाऊस माहीत होता.

आता धोक्याबद्दल. इमारत धोकादायक आहे, असं तुम्ही म्हणता. पश्चिमेची भिंत खराब झाली आहे हे आम्हीच तुम्हाला आधी कळवलं होतं, आणि ती का झाली हेही. पालिकेच्या ठेकेदाराने त्या भिंतीवरचा चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा लावला. चुन्याच्या भिंतीत शिरलेली ओल पृष्ठभागातून हळूहळू बाहेर पडते. वरून सिमेंट थापलं की ती आत कोंडते, क्षार फुलतात, दगडांमधला चुना भुगा होऊ लागतो. काम चालू असतानाच आम्ही हे सांगायला गेलो. "ताई, तुम्ही घरी जा, इंजिनिअर आहेत ना," असं उत्तर मिळालं. बाकीच्या तीन भिंती, ज्यांना सिमेंट लागलं नाही, त्या आजही ठणठणीत आहेत. येऊन हात लावून पाहा.

मग तुमचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं. आमच्याकडून फक्त किल्ली मागितली गेली. भिंतींवर रिबाउंड हॅमर मारून आकडे घेतले गेले. ती चाचणी काँक्रीटच्या मजबुतीचा अंदाज घेण्यासाठी असते. चुन्यात बांधलेल्या घडीव दगडाच्या भिंतीबद्दल ती काय सांगणार? सागाच्या कैच्या पाहायला माळ्यावर कुणी चढलं नाही. तरीही अहवालात इमारत सी-१ वर्गात बसवली, म्हणजे अतिधोकादायक, पाडण्यायोग्य. मोठ्या दुरुस्तीने वाचू शकणाऱ्या इमारतींसाठी सी-२ चे वर्ग आहेत. त्यांचा विचार का झाला नाही, याचं एका ओळीचंही स्पष्टीकरण अहवालात नाही.

हॉल संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही, असंही सांगितलं जातं. खरं आहे. १९६० च्या राज्य कायद्याखाली संरक्षित झालेल्या वास्तूंमध्ये तो नाही. आपल्यासारख्या छोट्या गावातल्या किती वास्तू त्या यादीत असतात? पण २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वारसा इमारतींसाठी तरतुदी आहेत. गावातल्या वारशाची यादी करायला तुम्ही स्वतः पुढाकार घेऊ शकता. ज्यांनी यादी कधी केलीच नाही, त्यांनीच नाव यादीत नसल्याचं कारण पुढे करावं, हे आम्हाला पटत नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं ते नाट्यगृह, आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती. आपल्या गावातही हळहळ झाली. तुमच्यापैकी अनेकांनी त्या आगीचे फोटो आपापल्या स्टेटसला ठेवले, दुःखाचे शब्द लिहिले. ते दुःख खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण तिकडे आगीने नेलेल्याबद्दल हळहळायचं आणि इथे उभं असलेलं स्वतःच्या सहीने पाडायचं, हे कसं जुळवता तुम्ही?

नगरसेविकांना एक वेगळं सांगायचं आहे, आणि ते मायेने सांगते. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत. आपल्या सभागृहातही तुम्ही निम्म्या आहात. तुमच्यातल्या कितीतरी जणी पहिल्यांदा माइकसमोर उभ्या राहिल्या त्या याच हॉलमध्ये, आमच्या मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत. पाय लटपटत होते तेव्हा समोरच्या रांगेतून मान डोलावणाऱ्या आम्हीच होतो. त्या दिवशी सभागृह हसलं तेव्हा तुमच्यातली एकही बोलली नाही. पुरुष सदस्याच्या बोलण्यापेक्षा तुमचं गप्प राहणं आम्हाला जास्त झोंबलं. पक्षाचा आदेश असेल, संकोच असेल. तरी एवढं म्हणता आलं असतं, की त्या बायकांचं म्हणणं आधी ऐकून घेऊ.

आम्हाला सत्कार नको, शाल-श्रीफळ नको, संकुलाच्या दाराशी मंडळाच्या नावाची पाटी तर मुळीच नको. मागणं इतकंच आहे. पाडण्याचा प्रस्ताव स्थगित करा. दगड, चुना आणि लाकूड यांच्या जुन्या बांधकामाची जाण असलेल्या संवर्धन वास्तुविशारदाकडून नव्याने तपासणी करा, आणि ती करताना आमच्या दोघीजणींना सोबत घ्या. कुठल्या कैचीखाली कधी गळलं होतं ते आम्हाला तोंडपाठ आहे. पश्चिमेच्या भिंतीवरचं सिमेंट काढून तिथे पुन्हा चुना लावा. गावातल्या जुन्या वास्तूंची यादी करा आणि पहिलं नाव या हॉलचं घाला. देखभालीचं काम मंडळाकडे रीतसर करार करून द्या, म्हणजे उद्या आमच्या सुना-मुलींना पुन्हा कुणी "तुम्ही कोण?" असं विचारणार नाही.

आणि शेवटचं. त्या सभेच्या इतिवृत्तात ते वाक्य आलं असेल किंवा गाळलं असेल. पुढच्या सभेत आमचं निवेदन वाचून दाखवा, आणि हा हॉल इतकी वर्षं महिला मंडळाने राखला, अशी नोंद इतिवृत्तात करा. निर्णय काय घ्यायचा तो तुमच्या हाती आहे. ही नोंद मात्र आमचा हक्क आहे. ती होईपर्यंत प्रत्येक सभेला आम्ही मागच्या बाकांवर बसलेल्या दिसू.

आपली,
महिला मंडळाची एक जुनी सभासद