पहिल्या बेसवरचा सूर : वास्तववाद आणि चुकीची किंमत

व्हिडिओ गेम हा साहित्यसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असे विचारले की आमच्याकडे अजूनही नाके मुरडली जातात. पाश्चात्त्य विद्यापीठांत ही चर्चा केव्हाच जुनी झाली. जेनेट मरे यांचे ‘हॅम्लेट ऑन द होलोडेक’ आणि एस्पेन आर्सेथ यांचे ‘सायबरटेक्स्ट’ ही दोन्ही पुस्तके १९९७ सालची. खेळाला कथन मानायचे की नियमांची व्यवस्था, हा वाद त्यांच्या आगेमागे रंगला आणि यथावकाश थंडही झाला. तो उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही. प्रस्तुत टिपणात आम्हांला एका अगदी किरकोळ वाटणाऱ्या क्रियेकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे : बेसबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये पहिल्या बेसकडे धावणाऱ्या फलंदाजाने मारलेला सूर. वर्गात आपण ज्याला वास्तववाद म्हणतो आणि ज्याची लक्षणे विद्यार्थी क्रमांक घालून पाठ करतात, त्याविषयी ही क्रिया बरेच काही सांगून जाते, असे आमचे मत आहे.

बेसबॉलशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. फलंदाज चेंडू टोलवतो आणि पहिल्या बेसकडे धावत सुटतो. अंतर ९० फूट, म्हणजे सुमारे साडेसत्तावीस मीटर. जमिनीवरून आलेला चेंडू क्षेत्ररक्षक उचलतो आणि पहिल्या बेसवरच्या साथीदाराकडे फेकतो. फलंदाज पोचण्यापूर्वी त्या साथीदाराने चेंडू झेलला आणि त्याचा पाय बेसवर असला, की फलंदाज बाद. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसची गोष्ट निराळी. तेथे धावकाला बेसवरच थांबावे लागते; वेगाच्या भरात तो पुढे गेला आणि चेंडू हाती असलेल्या क्षेत्ररक्षकाने त्याला स्पर्श केला, तर तो बाद होतो. म्हणून तेथे घसरत जाण्याला अर्थ आहे. घसरल्याने वेग आटोक्यात येतो, स्पर्शही चुकवता येतो. पहिल्या बेसला मात्र नियमानेच सवलत दिली आहे. फलंदाजाने बेसला पाय लावावा, खुशाल पुढे धावत जावे आणि लगेच परत फिरावे. तेवढ्यात त्याला स्पर्शाने बाद करता येत नाही. क्रिकेटमधली क्रीझ ओलांडून पुढे धावत जाणारा फलंदाज ज्याने पाहिला आहे, त्याला हे चटकन उमगेल. फरक असा की, क्रिकेटपटूच्या हातात बॅट असते आणि सूर मारून ती पुढे सरकवण्यात त्याचा उघड लाभ असतो. बेसबॉलचा फलंदाज बॅट टाकून धावतो.

याचा अर्थ असा की, पहिल्या बेसकडे धावताना सूर मारण्याचे नेहमीचे प्रयोजनच उरत नाही. वेग आवरण्याची गरज नाही आणि बहुतेक वेळा चुकवायला स्पर्शही नाही. फेक वाकडी आली, बेसवरच्या खेळाडूला जागा सोडावी लागली आणि तो वाटेतच स्पर्श करू पाहत असेल, तर सूर शहाणपणाचा. आधीच पहिल्या बेसवर असलेला धावक दोन पावले पुढे सरकला आहे आणि गोलंदाजाने अचानक चेंडू तिकडे फेकला, तर परत येताना तो हात पुढे टाकतो, तेही योग्यच. हे प्रसंग वगळले, तर बहुतेक प्रशिक्षक एकच गोष्ट सांगतात : सूर मारू नका, धावत पार जा.

आणि तरीही खेळाडू सूर मारतात. २९ ऑक्टोबर २०१४ रोजी कॅन्सस सिटी येथे वर्ल्ड सिरीजचा सातवा, म्हणजे निर्णायक सामना चालू होता. तिसऱ्या डावात गुणसंख्या २–२ अशी बरोबरीत असताना कॅन्सस सिटी रॉयल्सच्या एरिक हॉस्मरने चेंडू टोलवला. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या जो पॅनिकने झेपावून तो अडवला आणि दुसऱ्या बेसवरचा धावक बाद करून चेंडू पहिल्या बेसकडे गेला. हॉस्मरने डोके पुढे करून सूर मारला. पंचांनी त्याला प्रथम नाबाद ठरवले. त्याच वर्षी विस्तारलेल्या चित्रफीत-तपासणीचा आधार जायंट्सनी घेतला आणि निर्णय फिरला. सामना जायंट्सनी ३–२ असा जिंकला. तो सरळ धावत गेला असता तर वाचला असता, ही हळहळ नंतर पुष्कळांनी व्यक्त केली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिस एंजल्सच्या जॉश हॅमिल्टनने पहिल्या बेसवर असाच सूर मारला. त्याच्या डाव्या अंगठ्याचा अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया झाली आणि तो सुमारे दोन महिने खेळाबाहेर राहिला.

हे दोघेही नवखे नव्हते. नियम त्यांना ठाऊक होता, प्रशिक्षकांचा सल्लाही ठाऊक असणार. मग सूर कशासाठी? आमच्या मते याचे उत्तर क्रीडाशास्त्रापेक्षा साहित्याच्या वाचकाला अधिक सहज सुचावे. शेवटच्या काही पावलांत माणसाचे शरीर त्याच्या बुद्धीच्या पुढे धावते. जे हवे आहे ते हाताच्या अंतरावर दिसते आणि हात आपोआप पुढे होतो. जपानमध्ये या क्रियेला एक प्रतिष्ठाही लाभली आहे. कोशिएन मैदानावर शालेय संघांची जी राष्ट्रीय स्पर्धा होते, तिच्यात हरलेला संघ थेट घरी जातो. तेथे अखेरच्या फलंदाजाने पहिल्या बेसवर सूर मारावा आणि मातीत पडून राहावे, हे दृश्य प्रेक्षकांच्या परिचयाचे आहे. तो सूर उपयुक्त आहे की नाही, हा प्रश्न त्या क्षणी कोणी विचारत नाही. आमच्याकडे खो-खोत गड्याने मारलेल्या सुराला हिशोब असतो. कोशिएनच्या सुरात हिशोबापेक्षा कबुली अधिक असते. सगळे पणाला लावले, मागे काही ठेवले नाही, याची ती कबुली.

आता व्हिडिओ गेमकडे वळू. १९७८ साली अटारीच्या यंत्रासाठी निघालेल्या ‘होम रन’मध्ये या प्रश्नाला फारशी जागा नव्हती. पडद्यावरच्या ओबडधोबड आकृत्यांना खेळाडू मानून घ्यावे लागे. त्यांनी सूर मारावा ही अपेक्षा कोण करणार? पुढे यंत्रांची शक्ती वाढली, आकृतीला हातपाय आले, चेहरा आला, गणवेशावरचा मळ आला. ईए कंपनीच्या ‘एमव्हीपी बेसबॉल’ मालिकेत, त्यानंतर २००६ पासून निघू लागलेल्या सोनीच्या ‘एमएलबी द शो’मध्ये, धावकावर खेळणाऱ्याचा ताबा बारकाईने चालू लागला. आता प्रश्न टाळता येईना. पहिल्या बेसच्या अलीकडे खेळणाऱ्याने सूर मारण्याची कळ दाबली, तर काय व्हावे?

निर्मात्यापुढे तीन मार्ग संभवतात. पहिला निषेधाचा. पहिल्या बेसपुरती ती कळ निकामी ठेवायची. जे शहाणा खेळाडू करणार नाही, ते करूच द्यायचे नाही. दुसरा शोभेचा. सूर मारू द्यायचा, धूळ उडवायची, समालोचकाचा आवाज चढवायचा; पण बेसला पोचण्याचा क्षण सरळ धावल्यावर जो आला असता, तोच ठेवायचा. तिसरा किमतीचा. सूर मारू द्यायचा आणि त्याचे जे परिणाम व्हायचे ते होऊ द्यायचे : बहुधा वेळ थोडा वाढेल, वाकड्या फेकीच्या प्रसंगी जीव वाचेल, एखाद्या वेळी अंगठा जायबंदी होईल.

हे तीन मार्ग साहित्याच्या विद्यार्थ्याला अनोळखी वाटू नयेत. पहिला औचित्यवाद्यांचा मार्ग, मात्र तो पाठ्यपुस्तकी औचित्याचा. राजाने राजासारखे वागावे, सेवकाने सेवकासारखे, आणि फलंदाजाने प्रशिक्षकाच्या सांगण्यासारखे. क्षेमेंद्राला इतके यांत्रिक औचित्य अभिप्रेत नव्हते. त्याने औचित्याला काव्याचे जीवित म्हटले ते रसाच्या संदर्भात, आणि अखेरच्या क्षणीचा अविचारी सूर रसाच्या दृष्टीने पूर्ण उचित असू शकतो.

दुसरा मार्ग आम्हांला सर्वांत घातक वाटतो, कारण तो वास्तववादाचे सोंग घेऊन येतो. पडद्यावर माती उडते, गुडघा खरचटतो, सगळे कसे खरे दिसते. आणि क्रियेचा परिणाम मात्र शून्य. आमच्या वर्गांत वास्तववादाची जी व्याख्या रुजली आहे, ती याच जातीची आहे. कादंबरीत संवादांत बोलीचे चार शब्द आले, घराच्या भिंती शेणाने सारवलेल्या निघाल्या, पिकांची नावे अचूक उतरली, की उत्तरपत्रिकेत ‘वास्तववादी चित्रण’ असा शेरा पडतो. त्या घरातली माणसे स्वतःचा निर्णय घेऊ शकतात काय, त्यांचा निर्णय चुकला तर कथेची वाट बदलते काय, की लेखकाने आधीच ठरवलेल्या शेवटाकडे ती बोली बोलत बोलत चालत जातात, हे कोणी विचारत नाही. ज्या कादंबरीत पात्राच्या चुकीने काहीच बदलत नाही, तिच्यातली बोली ही पहिल्या बेसवर उडवलेली शोभेची धूळ आहे.

तिसऱ्या मार्गावर खेळ खऱ्या अर्थाने वास्तवाला भिडतो, आणि तेथेच एक पेच उभा राहतो. सुराने नेमका किती वेळ जातो? २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये शॉने मिलर हिने ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत रेषेवर अंग झोकून दिले आणि ॲलिसन फेलिक्सला ०.०७ सेकंदाने मागे टाकून सुवर्णपदक मिळवले. शर्यतीत धड रेषेला पोचावे लागते, बेसला हात लागला तरी पुरतो; उदाहरण तंतोतंत लागू नाही. पण अंग झोकून देणे नेहमीच तोट्याचे, असे छातीठोक म्हणता येत नाही, एवढे त्यावरून दिसते. मैदानावर हा वाद मोकळा राहू शकतो. संगणकाला मात्र आकडा द्यावाच लागतो. सुराची किंमत सेकंदाचा कितवा भाग, हे कोणीतरी कोठेतरी बसून लिहिलेले असते. खेळणाऱ्याला तो आकडा दिसत नाही. त्याला तो निसर्गनियम वाटतो. इयन बोगोस्ट यांनी २००७ च्या ‘परस्युएसिव्ह गेम्स’मध्ये, नियम आणि प्रक्रिया यांच्याद्वारे खेळ युक्तिवाद करत असतो, असे मांडले. पहिल्या बेसवरचा सूर हे त्याचे अगदी घरगुती उदाहरण म्हणता येईल. त्या एका आकड्यात निर्मात्याचे मत दडलेले असते : उत्कटता माणसाला तारते की बुडवते, याविषयीचे मत.

जपानी खेळांत आणखी एक वाट दिसते, ती आम्हांला विशेष लक्षणीय वाटते. कोनामी कंपनीची ‘पॉवरफुल प्रो याक्यू’ ही मालिका १९९४ पासूनची. तीत खेळाडूंना जे विशेष गुण जोडता येतात, त्यांत डोके पुढे करून पहिल्या बेसवर सूर मारणे हाही एक गुण आहे. म्हणजे सूर हा कळ दाबणाऱ्याचा निर्णय न राहता त्या खेळाडूचा स्वभाव झाला. आपण सांगा वा न सांगा, हा गडी सूर मारणारच. कोशिएनचे मैदान पाहत वाढलेल्या समाजाला हे सुचावे, यात नवल नाही. कादंबरीकाराला पात्राचा जो हट्टीपणा हवा असतो, लेखकाच्या सोयीला न जुमानणारा, त्याच्या हा फार जवळचा आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. खेळ हा करमणुकीसाठी असतो. त्यात मूर्खपणाची सोय ठेवून कोणाचे भले होणार? आक्षेप वरवर रास्त आहे. पण शहाणपणाखेरीज दुसरे काही करताच येत नसेल, तर शहाणपणालाही अर्थ उरत नाही. सूर मारता येत असूनही जो सरळ धावत जातो, त्याचाच संयम हा संयम. शोकांतिका शिकवताना आपण नायकाच्या प्रमादाविषयी तास न् तास बोलतो. तो प्रमाद करण्याची मुभा त्याला आहे, हे गृहीत धरल्यावाचून त्यातले एक वाक्यही बोलता येणार नाही.

या माध्यमाची एक मर्यादा मात्र नजरेआड करू नये. हॅमिल्टनचा अंगठा मातीत दुखावला. व्हिडिओ गेम खेळणाऱ्याचा अंगठा दांडी सरकवून मोकळा होतो. किंमत मोजतो तो पडद्यावरचा. वाचकाचेही असेच असते. पात्रांच्या चुकांची शिक्षा वाचकाला होत नाही. पण चांगली कादंबरी ती चूक क्षणभर आपलीशी वाटायला लावते. हॉस्मरच्या शेवटच्या पावलांतली तगमग खेळणाऱ्याच्या अंगठ्यापर्यंत पोचवणे व्हिडिओ गेमला साधेल काय, हा प्रश्न आमच्या मते अजून मोकळा आहे. अधिक खरी दिसणारी माती रंगवून तो सुटणार नाही.

तेव्हा साहित्याच्या शिक्षकांना आमची सूचना एवढीच आहे की, वास्तववादाचा तास घेताना तपशिलांची यादी थोडी बाजूला ठेवावी आणि कलाकृतीला दोन प्रश्न विचारावेत. या जगात कोणाला चूक करण्याची मुभा आहे? आणि त्या चुकीची किंमत कोणी ठरवली आहे? कादंबरीला, नाटकाला आणि व्हिडिओ गेमलाही हे प्रश्न सारखेच लागू पडतात. ज्या विद्यार्थ्याला ते विचारता येतील, त्याला शेणाने सारवलेल्या भिंती मोजत बसावे लागणार नाही.