केसांतील ओलाव्याचा जमाखर्च

पेठेतील एखादे जुने घर डोळ्यांसमोर आणावे. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि एका छपराखाली नांदणाऱ्या तीन पिढ्या. महिन्याचा किराणा भरताना शाम्पूची मोठी बाटली एकच येते, खोबरेल तेलाचा डबाही एकच. आजींचे केस पांढरे झाले तरी मऊ आहेत. न्हाताना पहिला तांब्या त्यांच्यावरून नुसता ओघळून जातो. सूनबाई गेली दहा वर्षे दरमहा केस रंगवतात. त्यांचे केस पाणी लागताच भिजतात आणि वाळल्यावर काथ्यासारखे राठ होतात. नातीने दोन वर्षांपूर्वी केस सरळ करून घेतले. आता ते मुळाशी चांगले, पण टोकांशी फुटलेले आहेत. तिचे लग्न चार महिन्यांवर आले आहे आणि केराटिन ट्रीटमेंट करून घेण्याचा सल्ला पार्लरमधून मिळाला आहे. पैसे भरण्यापूर्वी घराने एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे: तेल तेच, शाम्पू तोच, पाणीही तेच, मग तीन डोक्यांवर तीन परिणाम का?

या प्रश्नाचे उत्तर केसांच्या सच्छिद्रतेत सापडते. केस पाणी किती सहजतेने आत घेतो आणि किती सहजतेने बाहेर सोडतो, याचे हे माप होय. केसाच्या बाहेरील आवरणाला क्यूटिकल म्हणतात. छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर चढवलेल्या अतिसूक्ष्म खवल्यांचे ते बनलेले असते. त्याच्या आत केराटिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा गाभा असतो. निरोगी केसाच्या खवल्यांवर निसर्गतःच स्निग्ध द्रव्याचा एक पातळ थर असतो, आणि तोच पाण्याला अडवतो. कौले नीट बसलेली असली, की पाणी बेताने आत जाते व बेताने बाहेर येते. कौले उचकटली की पाऊस सरळ घरात!

दुकानदाराला हे चटकन उमगावे. ज्या गल्ल्यात आवकही अफाट आणि जावकही अफाट, तेथे संध्याकाळी शिल्लक राहत नाही. सच्छिद्र केसांचे तसेच असते. पूर्ण दमट हवेत केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी शोषू शकतो व त्यासरशी फुगतो. कोरड्या हवेत पुन्हा आकसतो. या सततच्या फुगण्या-आकसण्याने खवले आणखी झिजतात. म्हणून केसांना पाणी अधिक मिळावे, ही काळजी नसावी. आवक-जावक संथ राहावी, ही असावी.

खवले कशाने उचकटतात? कायमस्वरूपी रंगातील अमोनियासारखी अल्कधर्मी द्रव्ये खवले उघडतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून मूळ रंगद्रव्य नष्ट करते. त्या क्रियेत तो स्निग्ध थरही जातो. तापलेली इस्त्री, केस सरळ करणारी रसायने, अंगाचा साबण डोक्याला लावण्याची सवय आणि उन्हाचा मारा हीही कारणे आहेत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे 30 सेंटिमीटर लांब केसाच्या टोकाचे वय अडीच वर्षे असते, आणि तितक्या काळाचे सर्व आघात त्या टोकाने सोसलेले असतात. नातीच्या एकाच केसाची मुळे आजींसारखी आणि टोके आईसारखी का, याचा उलगडा येथे होतो.

आपले केस कोणत्या प्रकारचे, हे ओळखण्यासाठी पेल्यातील पाण्यात केस टाकून तो तरंगतो की बुडतो हे पाहण्याची रीत प्रचलित आहे. तिच्यावर भिस्त ठेवू नये. केसाची घनता सुमारे 1.3, म्हणजे पाण्याहून अधिक आहे. तो तरंगतो तो पाण्याच्या पृष्ठताणामुळे. त्यावर तेलाचा अंश असला तरी निकाल फिरतो. केस किती वेळात वाळतात हेही त्यांच्या दाटीवर आणि हवेवर अवलंबून असते. त्यापेक्षा धुऊन वाळवलेल्या केसांवर पाण्याचे चार थेंब शिंपडून पाहावेत. थेंब मोत्यांसारखे उभे राहिले तर सच्छिद्रता कमी. लगेच जिरले तर अधिक. त्याच्या जोडीला गेल्या दोन-तीन वर्षांत केसांवर काय काय केले, हे आठवावे.

तेलाविषयीचा एक गैरसमजही दूर व्हायला हवा. तेल म्हणजे ओलावा नव्हे. तेल ओलाव्याची ये-जा मंदावते. येथे आपल्या आज्यांच्या खोबरेलाला विज्ञानाचा आधार आहे. मुंबईतील संशोधक रेळे आणि मोहिले यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुण्यापूर्वी किंवा नंतर लावलेल्या खोबरेलाने केसांतील प्रथिनांची झीज लक्षणीय कमी झाली. उरलेल्या दोहोंनी झाली नाही. खोबरेलात मुख्यतः असलेल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरू शकतात. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतील होते, हे व्यापारी वाचकाने ध्यानात ठेवावे. तरी दिलेले कारण पटण्यासारखे आहे.

आता तिघींचा उपाय निराळा. आजींच्या केसांना तेल अगदी थोडे पुरे; जास्त लावले तर ते वरच साचून केस चिकट होतात. कोमट पाण्याने सावकाश भिजवणे, एवढेच त्यांना हवे. सूनबाईंनी न्हाण्यापूर्वी तासभर केसांच्या लांबीला खोबरेल लावावे. शाम्पू फक्त टाळूला चोळावा व कंडिशनर फक्त लांबीला लावावा; झिजलेल्या केसावर ऋण भार अधिक असतो, म्हणून धन भाराचा कंडिशनर नेमका तेथेच चिकटतो. रंग पुन्हा लावताना तो केवळ नव्या मुळांना लावला, तर जुन्या टोकांवरचा निम्मा अत्याचार टळतो. ओला केस दुबळा असतो. म्हणून खसाखसा पुसण्याऐवजी जुन्या सुती पंचाने टिपावा आणि रुंद दातांच्या फणीने टोकांकडून वर विंचरत जावे. कोंडा असेल तर मात्र टाळूवर तेल थापू नये. तो वाढविणारी बुरशी तेलातील स्निग्धाम्लांवरच पोसते.

अनेक गावांत बोअरचे पाणी जड असते. त्यातील कॅल्शियम साबणाशी मिळून जो चिकट साका बनवते, तो केसांवर बसतो. पाणी गाळल्याने जीवरक्षा होते, पण विरघळलेले क्षार वस्त्रातून निघून जातात. उकळल्याने मात्र जडपणाचा काही भाग खाली बसतो; पाणी उकळण्याच्या पातेल्यात जमणारा पांढरा थर तोच. ज्या घरी रोज पाणी उकळले जाते, तेथे त्यातील निवळलेला एक तांब्या शेवटच्या धुण्यासाठी राखून ठेवणे काही कठीण नाही. शाम्पूही आधी पाण्यात कालवून घेतला, तर कमी लागतो आणि तो काढायला पाणीही कमी लागते. अप्कायाच्या जीवांची विराधना तेवढी घटते.

घटकांची यादी वाचणे हे तर जैन घराचे कर्तव्यच. शाम्पू व मास्कमधील केराटिन बहुधा लोकर, पिसे, शिंगे किंवा खुरांपासून काढलेले असते. सिल्क प्रोटीन रेशमाच्या किड्यापासून येते. वनस्पतींमध्ये केराटिन नसतेच. त्या नावाने जे विकले जाते, ते गहू, सोयाबीन किंवा मक्याचे प्रथिन असते आणि ते चालण्यासारखे आहे. घरगुती उपायांत अंडे, मध आणि कांद्याचा रस सर्रास सुचवले जातात. कोरफडीची गणनाही अनंतकायात होत असल्याने व्रत पाळणारी घरे ती वर्ज्य मानतात. अशा घरांसाठी जवस पाण्यात उकळून, गाळून काढलेला बुळबुळीत रस उत्तम. ताजा करावा, त्याच दिवशी वापरावा.

उरला प्रश्न नातीचा. केराटिन ट्रीटमेंट किंवा स्मूदनिंगच्या नावाखाली वापरल्या जाणाऱ्या काही द्रव्यांत फॉर्मल्डिहाइड असते किंवा तापवल्यावर ते बाहेर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये त्याची नोंद माणसात कर्करोग घडविणाऱ्या द्रव्यांत केली. फॉर्मल्डिहाइडमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत ग्लायऑक्सिलिक आम्ल असते. त्याच्या वापरानंतर मूत्रपिंडाला तीव्र इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. लग्नातील दोन दिवसांच्या चमकेसाठी हा सौदा परवडणारा नाही. केस हा निर्जीव तंतू असल्याने फुटलेले टोक कोणत्याही ट्रीटमेंटने सांधले जात नाही. वरून लेप बसतो आणि काही धुण्यांत उतरतो.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमण व्रत सांगितले आहे. ज्या हिंसेवाचून आपले काही अडत नाही, ती टाळावी, हा त्याचा आशय. साधू-साध्वी केशलोच करून देहाची आसक्तीच सोडतात. गृहस्थाला तेवढे साधत नाही. पण केसांची निगा राखताना किती पाणी सांडले, कोणाच्या देहाचा अंश बाटलीत आला आणि स्वतःच्या देहावर कोणते विष चढवले, एवढा हिशेब तर त्याला ठेवता येतो. तीन महिने इस्त्री बंद, आठवड्यातून दोनदा न्हाण्यापूर्वी खोबरेल आणि आधी फुटलेली चार बोटे टोके कात्रीने छाटून टाकणे, एवढे नातीने केले तरी लग्नाच्या दिवशी अंबाडा घालण्यापुरते चांगले केस तिच्या डोक्यावर असतील. ती छाटलेली चार बोटे बुडीत खात्यात टाकावीत आणि नवे खाते मुळापासून स्वच्छ लिहावे.