बारीक बटाट्याची उपेक्षा

बटाट्याची काढणी झाली म्हणजे शेतांत दोन ढीग पडतात. मोठा माल पोत्यांत भरून मंचरच्या किंवा पुण्याच्या बाजाराची वाट धरतो. लिंबाएवढा, सुपारीएवढा, बोटाएवढा असा जो बारीक माल मागें उरतो, तो मिळेल त्या भावानें व्यापाऱ्यास दिला जातो, मजुरांस वाटला जातो, बेण्यासाठीं बाजूला काढला जातो, नाहीं तर सरींतच राहतो. या चारही रीतींत कांहींना कांहीं चूक आहे असें माझें मत झालें आहे व त्याचीं कारणें मासिकाच्या वाचकांपुढें मांडण्याची परवानगी मी मागतों.

माझें आयुष्य पीकपाहणीचे कागद लिहिण्यांत गेलें. त्या कागदांत ‘बटाटा’ हा एक शब्द व त्यापुढें क्षेत्राचा आंकडा, एवढेंच येई. नोकरी संपल्यावर सातगाव पठारावरील घरची थोडी जमीन स्वतः पाहूं लागलों, तेव्हां त्या एका शब्दाच्या पोटांत किती भेद आहेत हें कळलें. आणि तें कळण्यापूर्वीं हातून एक चूक झाली. पहिल्याच वर्षीं चार दिवस उघड्यावर पडलेला बारीक माल मीं कामावरील बायांना वाटून टाकला व थोडें पुण्य पदरीं पडलें असें मानलें. दुसऱ्या दिवशीं एकीच्या दोन लहान मुलांना वांत्या होऊं लागल्या व पोटांत कळा आल्या. मुलें बरीं झालीं, हें माझें भाग्य. ती बाई मला दोष न देतां इतकेंच म्हणाली, “आप्पा, बटाटं कडू लागत हुतं, पन पोरं भुकेली हुती.” तें वाक्य मी अद्याप विसरलों नाहीं.

कारण असें कीं, बटाट्यावर उजेड पडला म्हणजे त्याची साल हिरवी होऊं लागते व त्याबरोबर सालींत सोलॅनिन नांवाचें कडू विष वाढतें. हिरवा रंग स्वतः विषारी नव्हे; तो धोक्याची खूण आहे. उकडल्यानें किंवा तळल्यानें हें विष जात नाहीं. बारीक बटाट्यांत गराच्या मानानें साल अधिक, म्हणून त्यांत धोकाही अधिक. आणि खाणारें मूल लहान असलें म्हणजे थोडेंही पुष्कळ होतें. मोठ्या बटाट्याचा किंचित् हिरवा भाग जाड कापून टाकतां येतो; बारीक बटाटा हिरवा दिसला तर सबंधच फेकावा. हिरवा, कोंब फुटलेला किंवा जिभेला कडू लागणारा बटाटा गडीमाणसांस देणें हें दान नव्हे. जें आपल्या ताटांत वाढणार नाहीं, तें दुसऱ्याच्या ओटींत घालूं नये.

दुसरी चूक बेण्याची. मोठा माल विकावा व बारीक माल बेण्यास ठेवावा हा हिशेब वरवर शहाणपणाचा दिसतो. परंतु विषाणुरोग झालेल्या झाडास बटाटे बहुधा बारीकच धरतात. अशा ढिगांतून दरसाल बेणें निवडणें म्हणजे रोगट झाडांची संतति हौसेनें वाढविणें होय. मग चार वर्षांनीं ‘जमीन थकली’ अशी तक्रार आपण करतों. जमीन बिचारी निरपराध असते. बेण्याचा बटाटा सुमारें ३० ते ५० ग्रॅम वजनाचा व निरोगी झाडाचा असावा. खात्रीचें बेणें विकत घेणें हें महाग वाटलें तरी शेवटीं स्वस्त पडतें.

तेव्हां बारीक मालाचें करावें काय? माझें उत्तर सरळ आहे : तो निवडावा, झांकावा आणि घरीं खावा. काढणीच्याच दिवशीं सावलींत बसून तीन वांटे करावे. हिरवा, सडका व किडका माल खड्ड्यांत पुरावा. कुदळ लागलेला किंवा साल निघालेला त्याच आठवड्यांत खावा. घट्ट, कोरडा, अखंड सालीचा तेवढाच साठवावा.

साठवणीचा माल धुऊं नये. साल पक्की होण्यासाठीं दहापंधरा दिवस तो सावलींत, वाऱ्यावर, पण उजेडापासून झांकून ठेवावा. आपल्या भागांत झाडाखालीं आरण घालून वर पाचट पसरण्याची चाल जुनी व चांगली आहे. घरांतील थोड्या मालास तेंच तत्त्व लावून अंधाऱ्या खोलींत फळीवर पातळ थर पसरावा व वर कडुनिंबाचा किंवा घाणेरीचा वाळलेला पाला घालावा. या पाल्यानें उजेड अडतो व बटाट्याच्या पतंगासही आळा बसतो. हा पतंग १९०६ सालीं इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर मुंबई इलाख्यांत शिरला, असें नमूद आहे. तो डोळ्यांजवळ अंडीं घालतो व त्याच्या अळ्या गर पोखरतात. म्हणून काढलेला ढीग एक रात्रही शेतांत उघडा टाकूं नये. बारीक बटाटा लवकर सुरकुततो, सबब तो आधीं संपवावा व मोठा मागें ठेवावा. घरच्या शीतकपाटांत तो ठेवूं नये. फार थंडीनें त्यांतील पिष्टाची साखर होते, चव गोडसर लागते व तळतांना तो काळा पडतो.

रांधण्याविषयीं गृहिणींना मीं सांगावें असें थोडेंच आहे. तरी एक गोष्ट सांगतों. बारीक बटाटा पुष्कळदां अपुरा पिकलेला असतो, त्यांत पिष्ट कमी, म्हणून तो उकडल्यावर फुटत नाहीं. वड्याला मोठा, पिठूळ बटाटा घ्यावा. रश्शाला बारीक घ्यावा. एका आकाराचे निवडून, चोळून धुऊन, सालीसकट थंड पाण्यांत मीठ घालून चुलीवर चढवावे, म्हणजे आंतबाहेर सारखे शिजतात. न चिरल्यामुळें जीवनसत्त्वही पाण्यांत कमी जातें. मग जिरें-मिरचीची फोडणी व शेंगदाण्याचें कूट घालून उपासाची भाजी करावी, किंवा भरल्या वांग्याचा मसाला लावून सबंधच रश्शांत सोडावे. चुलीच्या गरम राखेंत भाजलेल्या बटाट्याची गोडी ज्यानें चाखली आहे त्यास शिफारशीची गरज नाहीं.

परदेशांत बोटाएवढ्या बटाट्यास मोठा भाव मिळतो, असें ऐकून कांहीं तरुण मित्र आपला बारीक माल त्याच नांवानें विकण्याचा विचार करतात. त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, फ्रान्समधील ‘ला रात’ किंवा अमेरिकेंतील ‘रशियन बनाना’ या जातीच मुळांत लहान व लांबट आहेत. ते बटाटे पूर्ण पिकलेले असतात. आपला बारीक माल हा मोठ्या जातीचा राहिलेला अंश आहे. खोट्या नांवानें एकदां भाव मिळेल. दुसऱ्यांदा गिऱ्हाईक येणार नाहीं. उलट स्वच्छ निवडलेला, एकसारखा, हिरवेपणा नसलेला बारीक बटाटा आपल्याच नांवानें खाणावळींस व शहरांतील कुटुंबांस देतां आला, तर त्यास कचऱ्याचा भाव मिळण्याचें कारण उरणार नाहीं.

यासाठीं आपल्या संघानें दोन गोष्टी कराव्या अशी माझी नम्र सूचना आहे. गांवोगांव एकेक निवडीची चाळण सभासदांस भाड्यानें द्यावी, आणि बारीक मालाची प्रत वेगळी ठरवून तो एकत्र विकण्याची व्यवस्था लावावी. खर्च थोडा आहे. परंतु संघ कांहीं करो वा न करो, पुढील काढणीस प्रत्येकानें त्या लहान ढिगावर पहिल्याच दिवशीं एक गोणपाट तरी टाकावें. मीं तें टाकलें असतें, तर त्या माउलीची एक रात्र सुखाची गेली असती.