आधी माउंट, मग दुर्बीण

पाऊस ओसरला, आकाश निवळले की दुर्बिणींची चौकशी सुरू होते. विचारणारा एखादा कॉलेजचा विद्यार्थी असतो, नाहीतर मुलाला वाढदिवसाला काहीतरी चांगले द्यावे म्हणणारे आईवडील. प्रश्न ठरलेला असतो: फोटोही काढता येतील अशी, परवडणारी दुर्बीण कोणती? उत्तरही ठरलेले मिळते. किती इंची आरसा, किती पट मोठे दिसते, एवढ्यावर बोलणे संपते. साठ मिलिमीटरच्या भिंगाच्या खोक्यावर ५२५ पट असा आकडा छापलेला असतो. प्रत्यक्षात अशा भिंगाचा उपयोगी पल्ला १२० पटींच्या आसपास संपतो, कारण भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून दुप्पट केला की मर्यादा येते. त्यापुढे प्रतिमा नुसती फुगते आणि पुसट होते. पण खोक्यावरचा हा फसवा आकडा ही लहान अडचण झाली. मोठी अडचण अशी की खगोलछायाचित्रणाच्या खर्चाचा विचारच आपण चुकीच्या टोकापासून करतो. या छंदातला पहिला आणि मोठा पैसा दुर्बीण ज्यावर बसते त्या माउंटवर खर्च व्हायला हवा. दुर्बिणीची नळी नंतर घेता येते. सुरुवातीला तर ती नसली तरी चालते.

हे मत आवडीनिवडीचे नाही, त्यामागे साधे गणित आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते. अंशाचा ३६००वा भाग म्हणजे विकला. डोळ्याला हे सरकणे जाणवत नाही, कॅमेऱ्याला लगेच जाणवते. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची छोटी दुर्बीण आणि चार मायक्रॉनचे पिक्सेल असलेला कॅमेरा घेतला तर एका पिक्सेलमध्ये आकाशाच्या जेमतेम दोन विकला मावतात. म्हणजे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाच्या सातव्या हिश्श्यात एक पिक्सेल ओलांडतो. तीस सेकंद शटर उघडे ठेवले तर तो दोनशेहून अधिक पिक्सेल पुढे गेलेला असतो आणि फोटोत ताऱ्याच्या जागी रेघ उमटते. तेजोमेघ आणि दीर्घिका इतक्या अंधूक असतात की त्यांच्यासाठी एकेक मिनिटाच्या कित्येक फ्रेम घ्याव्या लागतात. आकाशाबरोबर अचूक फिरणारे काही नसेल तर कितीही महाग भिंग लावा, ते रेघाच टिपेल. नाभीय अंतर वाढवले की चूकही त्याच प्रमाणात वाढते. म्हणून मोठी दुर्बीण आणि लेचापेचा माउंट ही जोडी सर्वांत वाईट, आणि आपल्याकडे नवशिक्याच्या हाती नेमकी हीच पडते.

दुसरा गैरसमज असा की आकाशातल्या सुंदर गोष्टी फार लहान असतात, म्हणून त्या मोठ्या करून पाहाव्या लागतात. ग्रहांबाबत हे खरे आहे. बाकी बऱ्याच गोष्टी अंधूक असतात, लहान नसतात. पूर्ण चंद्राचे बिंब अर्ध्या अंशाचे. २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका आकाशात तीन अंशांहून अधिक लांब पसरली आहे, म्हणजे सहा चंद्र ओळीने मांडावेत एवढी. कृत्तिकांचा गुच्छ दोनेक अंशांचा, मृगातला तेजोमेघ एक अंशाच्या घरातला. नेहमीच्या एपीएस-सी सेन्सरला हजार मिलिमीटरची दुर्बीण लावली तर जेमतेम सव्वा अंश रुंदीचे आकाश दिसते आणि देवयानीचा फक्त गाभा हाती लागतो. दोनशे मिलिमीटरची जुनी कॅमेरा लेन्स तीच दीर्घिका सहज पूर्ण टिपते. अशा लेन्स अनेक घरांत कपाटात पडून आहेत आणि जुन्या बाजारात नव्या दुर्बिणीच्या तुलनेत स्वस्तात मिळतात.

कॅमेऱ्याच्या लेन्सने कसले खगोलशास्त्र होणार, असे ज्यांना वाटते त्यांनी व्यावसायिक शास्त्रज्ञांकडे पाहावे. सुपरवास्प या प्रकल्पाने कॅननच्या दोनशे मिलिमीटर लेन्स वापरून इतर ताऱ्यांभोवतीचे शंभराहून अधिक ग्रह शोधले. केल्ट प्रकल्पाची लेन्स तर मामिया कंपनीची ८० मिलिमीटरची, तिचे तोंड अवघे ४२ मिलिमीटरचे. २०१७ साली जाहीर झालेला केल्ट-९बी हा अतितप्त ग्रह याच प्रकल्पाने हेरला. पीटर व्हॅन डोक्कम आणि रॉबर्टो एब्राहम यांनी क्रीडा छायाचित्रकार वापरतात त्या ४०० मिलिमीटर लेन्स एकत्र बांधून ड्रॅगनफ्लाय ही दुर्बीण उभी केली, आणि मोठ्या वेधशाळांच्या नजरेतून निसटलेल्या अतिविरळ दीर्घिका २०१५ मध्ये प्रकाशात आणल्या. या लेन्स काही स्वस्त नाहीत, ड्रॅगनफ्लायच्या तर नाहीतच. पण तिन्ही प्रकल्पांत भिंगे बाजारातली होती आणि ती आकाशाबरोबर फिरवणारी यंत्रणा चोख होती. आपल्याला इथून उचलायचे ते हे.

चोख माउंट म्हणजे लाखभर रुपये, असा आक्षेप लगेच येईल. त्याला उत्तर जॉर्ज हेग या स्कॉटिश हौशी निरीक्षकाने दिले. त्याने सुचवलेली जोडणी १९७५ साली ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकातून जगभर पोहोचली. दोन फळ्या, एक बिजागरी आणि एक लांब बोल्ट, एवढेच सामान. बिजागरीचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा. खालची फळी तिपाईवर घट्ट, वरच्या फळीवर कॅमेरा. बोल्ट फिरवला की वरची फळी हळूहळू उचलली जाते. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या एम-६ बोल्टचे आटे एक मिलिमीटर अंतरावर असतात. हा बोल्ट बिजागरीपासून २२८.५ मिलिमीटरवर बसवला आणि मिनिटाला बरोबर एक फेरा दिला तर फळी आकाशाच्याच गतीने उघडते. सुताराच्या हातून हे अंतर एक मिलिमीटर चुकले तरी गतीत अर्ध्या टक्क्याहून कमी फरक पडतो. दोन मिनिटांत ती चूक साधारण आठ विकला होते. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सला एका पिक्सेलमध्ये सोळा विकला दिसत असल्याने ती फोटोत उमटतही नाही. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे. पण त्याच्यावरच अक्ष रोखला तरी मिनिटाला जास्तीत जास्त नऊ-दहा विकलांचा घोळ होतो, तोही याच हिशेबात पचतो. चारशे मिलिमीटरच्या नळीला मात्र हीच चूक मिनिटात चार-पाच पिक्सेलची पडेल. रुंद लेन्स नवशिक्याच्या चुका पोटात घालते, लांब नळी घालत नाही. सरळ बोल्टची फळी जास्त उघडली की गती बिघडू लागते, म्हणून दर दहाएक मिनिटांनी ती मिटवून पुन्हा सुरुवात करावी. शंभर फ्रेम संगणकावर एकत्र केल्या की चित्रातली खरखर दहापटीने घटते. हे काम करणारी डीप स्काय स्टॅकर आणि सिरिल ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

ज्याला लांब नाभीय अंतराकडे जायचे आहे त्याने इक्वेटोरियल, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाभोवती फिरणारा, माउंट घ्यावा, आणि शंभर रुपयांतले पन्नास-साठ तिथे घालताना कचरू नये. विक्रेत्याने दहा किलो पेलतो असे सांगितले तर फोटोसाठी पाच-सहा किलोच धरावेत. जुना, हाताने फिरवायचा पण भक्कम माउंट मिळाला तर तो नव्या डगमगत्या माउंटपेक्षा केव्हाही बरा, कारण त्याला मोटर लावता येते. ऑनस्टेप हा खुला आराखडा वापरून, थ्री-डी प्रिंटरमध्ये असतात तसल्या स्टेपर मोटर आणि पट्टे जोडून अनेकांनी असे माउंट संगणकाच्या हुकमात आणले आहेत. हे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत शोधता येतात. मध्यम माउंटच्या दातेरी चाकाला १४४ दात असतील तर त्याला फिरवणारा वर्म दहा मिनिटांत एक फेरा घेतो, आणि त्यातली घडणीची उणीव दर दहा मिनिटांनी ताऱ्याला मागेपुढे झुलवते. छोटी मार्गदर्शक दुर्बीण, साधा कॅमेरा आणि पीएचडी-टू हे मोफत सॉफ्टवेअर हा झोका बराचसा थोपवते. एक अडचण खास आपल्याकडची. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची गावाच्या अक्षांशाएवढी असते. नागपुरात २१ अंश, पुण्यात साडेअठरा, पणजीत साडेपंधरा. युरोपातला ग्राहक डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले काही माउंट इतके खाली झुकवले की त्यांचा वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो. विकत घेण्यापूर्वी आपल्या अक्षांशाला तो लावून पाहावा, नाहीतर दांडा आणि पाय यांच्यामध्ये जागा करणारा तुकडा बनवून घ्यावा लागतो.

नळीच्या बाबतीतही विकत घेण्याइतकेच जुळवून घेणे कामाचे. १३० मिलिमीटरच्या साध्या परावर्ती दुर्बिणीला डीएसएलआर लावला की बहुतेक वेळा फोकसच मिळत नाही, कारण कॅमेऱ्याचा सेन्सर प्रतिमा जिथे तयार होते त्या जागेच्या मागे राहतो. दुर्बीण सदोष आहे असे समजून ती माळ्यावर टाकू नये. मुख्य आरसा लांब स्क्रूंच्या मदतीने दोन-तीन सेंटिमीटर वर आणला की काम होते. आखूड नळीत हजार मिलिमीटर नाभीय अंतर सांगणाऱ्या ११४ मिलिमीटरच्या दुर्बिणी मात्र टाळाव्यात. त्यांच्या फोकसरमध्ये दडवलेले स्वस्त भिंग प्रतिमेची वाट लावते. फोकससाठी लागणारी बाहतिनोव जाळी काळ्या पुठ्ठ्यातून ब्लेडने कापता येते. डीएसएलआरच्या सेन्सरपुढची काच तेजोमेघांचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवते, म्हणून कॅननने २००५ मध्ये २०डीए आणि निकॉनने २०१५ मध्ये डी८१०ए हे आकाशासाठीचे खास कॅमेरे काढले. जुन्या कॅमेऱ्यातली ही काच जाणकाराकडून बदलून घेता येते. पण देवयानी, कृत्तिका आणि तारकागुच्छ यांना या बदलाची गरज नाही, तेव्हा ती घाई पहिल्या वर्षी नकोच.

मोठा आरसा जास्त प्रकाश गोळा करतो, मग लहान भिंगाचा आग्रह कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. डोळ्याने पाहायचे असेल तर मोठा आरसाच घ्यावा, त्याबद्दल वाद नाही. फोटोत मात्र पसरट तेजोमेघाचा प्रकाश सेन्सरवर किती दाट पडतो हे नाभीय अंतर आणि व्यास यांच्या गुणोत्तरावर ठरते. एफ-४ची लहान लेन्स आणि एफ-४ची मोठी दुर्बीण प्रत्येक पिक्सेलला सारखाच प्रकाश देतात. मोठी दुर्बीण तपशील जास्त देते, पण ती पेलणारा माउंट असेल तरच. ग्रहांची गोष्ट खरोखर वेगळी आहे. गुरूचे पट्टे आणि शनीची कडी यांना लांब नाभीय अंतर लागते. पण तिथे सेकंदाच्या लहानशा अंशाच्या हजारो फ्रेमचा व्हिडिओ घेऊन त्यातल्या उत्तम फ्रेम निवडायच्या असतात, त्यामुळे मोटर नसलेली साधी डॉब्सोनियन दुर्बीणही चालते. ग्रहांचेच वेड असेल त्याने माझा सल्ला बाजूला ठेवून आरशावर खर्च करावा.

आजकाल दुसरा आक्षेप स्मार्ट दुर्बिणींचा. २०२३ मध्ये आलेल्या सीस्टार एस-५० सारखे यंत्र अंगणात ठेवायचे, फोनवर नाव निवडायचे, चित्र तयार. मग फळ्या आणि बोल्ट कशाला? ज्याला निव्वळ चित्र हवे त्याने ती खुशाल घ्यावी. पण तिचे भिंग फक्त पन्नास मिलिमीटरचे आणि नाभीय अंतर २५० मिलिमीटरचे आहे. तिची करामत अचूक माग ठेवण्यात आणि फ्रेम एकत्र करण्यात आहे. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा बाजारात नाही. तिची मर्यादाही लक्षात घ्यावी. एका वेळी तिला जेमतेम सव्वा अंश दिसते आणि तिचा कॅमेरा काढून दुसरा लावता येत नाही. माउंट एकदा घेतला की त्यावर आज लेन्स, उद्या दुर्बीण, परवा नवा कॅमेरा चढतो.

शहराच्या उजेडात कितीही जुळवाजुळव केली तरी उपयोग नाही, हे म्हणणे अर्धे बरोबर आहे. उजेड महाग दुर्बिणीलाही सोडत नाही. उपाय एकच, अंधारात जाणे, आणि पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल एवढे सामान असले तरच माणूस पुन्हा पुन्हा जातो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा मान मिळाला. सह्याद्रीच्या आतल्या कित्येक गावांतही अजून काळोख शिल्लक आहे. आपले दक्षिण क्षितिज युरोपीय निरीक्षकाला हेवा वाटावा असे आहे. पुण्यातून ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ २४ अंश वर चढतो, लंडनमधून तो उगवतच नाही.

आपल्याकडे हौशी खगोलप्रेमींच्या संस्थांची परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची, मुंबईचे खगोल मंडळही कित्येक वर्षे काम करते आहे. आयुकाने आरसे घासून दुर्बिणी बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आणि त्यातून अनेकांचे हात तयार झाले. आता अशाच कार्यशाळा माउंटच्या व्हाव्यात. प्रत्येक संस्थेकडे आठवड्यासाठी उसने देता येतील असे दोन-तीन चांगले माउंट असावेत, आणि शाळांनी विज्ञान प्रदर्शनासाठी बिजागरीची फळी मुलांकडून करून घ्यावी. यंदाच्या हंगामात जे खरेदीला निघतील त्यांना एवढीच विनंती आहे: मार्चपर्यंत नळी घेऊ नका. घरातला कॅमेरा, एक लेन्स आणि आकाशाबरोबर फिरणारा आधार, मग तो लाकडी का असेना, एवढ्यावर देवयानी आणि कृत्तिका टिपून पाहा. पुढची खरेदी काय करायची ते त्या फ्रेम पाहून ठरवा.