माझं भागतं, तुझं का भागत नाही?



पॅरिशच्या आवारात एक वाक्य आम्ही अनेकदा ऐकतो. वॉचमनने पगारवाढीचा विषय काढला की कुणीतरी ते बोलतो. शाळेची आया महिन्याच्या वीस तारखेला उचल मागायला आली की ऑफिसातून ते ऐकू येते. "अहो, एवढ्यात तर माझं आरामात भागत होतं!" बोलणारा खोटे बोलत नसतो. त्याचे खरेच भागलेले असते. तरीही हे वाक्य ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभत नाही, आणि ख्रिस्ती संस्थेच्या तोंडी तर मुळीच नाही, असे आमचे म्हणणे आहे. या विषयावर आपल्याकडे फार मऊ बोलले जाते. आज आम्ही थोडे कडक लिहिणार आहोत.

हे वाक्य बोलणारे तीन प्रकारचे लोक आमच्या पाहण्यात आहेत.

पहिले आपले तरुण. गच्चीबावली, कोंडापूर, माधापूर या पट्ट्यात नोकरी करणारी आपली मुले-मुली गुणी आहेत, कॉयरमध्ये गातात, ख्रिसमसला राबतात. त्यांच्यातला एखादा म्हणतो, "नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही वीस हजारांतच राहत होतो." हो, राहत होतास बाळा. पीजीमध्ये एक खाट होती, दोन वेळचे जेवण भाड्यातच होते, आजारी पडलास तर कंपनीचा विमा होता, आणि महिना संपता संपता कमी पडले तर जालन्याला बाबांना फोन होता. खाट भाड्याने मिळते, पण बायको, दोन मुले आणि गुडघे दुखणारी आई यांना एका खाटेवर ठेवता येत नाही. ज्याच्यामागे कुणी नाही त्याचे वीस हजार आणि ज्याच्यामागे चार जण आहेत त्याचे वीस हजार, या दोन रकमा फक्त पासबुकात सारख्या दिसतात.

दुसरे आपले वडीलधारे. "आमचे वडील रेल्वेत साधे फिटर होते. एका पगारात सात माणसे जेवली. आताच्या लोकांनाच काटकसर नको." हे ऐकले की आम्हांला थोडा रागच येतो, कारण यात निम्मा इतिहास गाळलेला असतो. आपल्यापैकी बऱ्याच घरांचे मूळ मराठवाड्यात आहे. १९५६ पर्यंत औरंगाबाद-जालना आणि हैदराबाद एकाच राज्यात होते, मनमाडहून सिकंदराबादला येणारी मीटरगेज होती, आणि त्या वाटेने आलेल्या कितीतरी लोकांना निजामाच्या रेल्वेत, पुढे दक्षिण मध्य रेल्वेत काम मिळाले. लालागुडा, मेट्टुगुडा इथल्या क्वार्टर्समध्ये एक पिढी वाढली. आता आजोबांच्या त्या 'एका पगारा'त काय काय होते ते मोजा. क्वार्टर होते. रेल्वेचे हॉस्पिटल होते. गावी जायला पास होता. निवृत्तीनंतर पेन्शन, आणि आजोबा गेल्यावर आजीला फॅमिली पेन्शन. सात माणसे एका पगारात जगली नाहीत. पगार, घर, दवाखाना, प्रवास आणि म्हातारपण एवढ्या पाच गोष्टींवर जगली. आज आपल्या शाळेच्या शिपायाला पाचपैकी एकच मिळते, आणि वर काटकसरीचा उपदेश फुकट.

तिसरे कोण, हे लिहिताना पेन अडखळते, पण लिहितोच. आपले काही धर्मगुरू. "मी माझ्या भत्त्यात महिना काढतो," असे फादर म्हणतात तेव्हा ते प्रामाणिक असतात. धर्मगुरूंचा मासिक भत्ता तुटपुंजा असतो हे आम्ही जवळून पाहिले आहे आणि त्यांच्या साधेपणाबद्दल आमच्या मनात आदर आहे. पण त्यांच्या डोक्यावरचे छप्पर पॅरिशचे आहे. चूल पॅरिशची आहे. आजारपण आणि म्हातारपण यांची तरतूद करण्याचे बंधन कॅनन २८१ ने ख्रिस्तसभेवर घातले आहे, आणि ते योग्यच आहे. ब्रह्मचर्याचे व्रत हे देवाचे दान आहे. ते ज्याने घेतले नाही त्याच्या घरखर्चाची मोजपट्टी म्हणून ते वापरता येत नाही.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. मत्तयच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही दरवर्षी शिकवतो, आणि दरवर्षी एक तरी मूल विचारते की शेवटच्या तासाला आलेल्याला पूर्ण पैसे का? आपण उत्तर देतो, देवाची कृपा. ते बरोबरच आहे. पण आधी तो दीनार म्हणजे काय ते बघा. दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी, त्या दिवशी घरात चूल पेटण्याइतकी. तासाभराच्या कामाचा दीनाराचा बारावा हिस्सा घेऊन तो माणूस घरी गेला असता तर त्याच्या मुलांनी काय बारावा हिस्सा भूक लावून घ्यायची होती? मालकाने काम मोजले नाही असे नाही. कामावरून मोजल्यावर जे निघते ते घराला पुरत नाही, हेही त्याने मोजले. आणि सकाळी आलेल्यांचा दीनार त्याने कापला नाही, हे विसरू नका. त्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

त्याच्याही आधी, निर्गमच्या सोळाव्या अध्यायात, मान्ना गोळा करायचा नियम आहे: तंबूत जितकी माणसे तितके ओमेर. तंबूला एक ओमेर असा नियम देवाने केला नाही.

गंमत अशी की हे गणित सरकारला समजले आहे. तेलंगणात एप्रिल २०२५ पासून रेशनवर बारीक तांदूळ, आपले तेलुगू शेजारी म्हणतात ते सन्न बिय्यम, मिळू लागले. ते माणशी ६ किलो. कार्डावर पाच नावे असली तर ३० किलो. रेशन दुकानदार तोंडे मोजतो. १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन ठरवताना एका कमावत्यामागे तीन 'उपभोग एकके' धरली, म्हणजे नवरा, बायको आणि दोन मुले. प्रत्येक एककाला रोज २,७०० कॅलरी अन्न, माणशी वर्षाला १८ वार कापड म्हणजे चौघांना ७२ वार, शिवाय घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्तीसारख्या खर्चासाठी किमान वेतनाचे २० टक्के. पुढे रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. २०१९ च्या जानेवारीत अनूप सत्पथी समितीने तीनऐवजी ३.६ एकके धरा असे सुचवले आणि देशभरासाठी दिवसाला ३७५ रुपये हा किमान आकडा काढला. त्याच वर्षी केंद्राने जाहीर केलेला तळाचा दर होता १७८ रुपये. सरकारने आपलेच गणित पाळले नाही म्हणून आपण सरकारला नावे ठेवू शकतो. पण आधी आपल्या दारात बघावे लागेल.

कारण आपल्याकडे कायदा त्याहून स्पष्ट आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम'मध्ये मजुराच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न ख्रिस्तसभेपुढे ठेवला. १९३१ साली पायस अकरावे यांनी वेतन कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला पुरले पाहिजे असे बजावले. १९८१ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी 'लाबोरेम एक्झर्सेन्स'मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटले की कुटुंबासाठी मिळणारे भत्ते खऱ्या गरजेप्रमाणे, म्हणजे घरात अवलंबून असलेल्यांच्या संख्येप्रमाणे असावेत. ही झाली शिकवण. १९८३ च्या कॅनन संहितेत तर तिचा नियमच झाला. कॅनन २३१ म्हणतो की ख्रिस्तसभेच्या सेवेत असलेल्या प्रापंचिकांना स्वतःच्या आणि कुटुंबाच्या गरजा नीट भागतील असा मोबदला मिळण्याचा हक्क आहे, आरोग्य आणि सामाजिक सुरक्षेसह. कॅनन १२८६ ख्रिस्तसभेची मालमत्ता सांभाळणाऱ्यांना बजावतो की नोकरांना त्यांचे आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांचे भागेल असे वेतन द्या, आणि देशाचा कामगार कायदाही पाळा. मे २०२५ मध्ये नवे पोप निवडून आले, त्यांनी लिओ हे नाव घेतले आणि त्यामागे 'रेरुम नोवारुम'ची आठवण असल्याचे सांगितले, तेव्हा आपण व्हॉट्सॲपवर किती फुले वाहिली! त्यातल्या कितीजणांनी आपल्या सॅक्रिस्टनचा पगार विचारला?

लग्नपूर्व शिबिरात आपणच जोडप्यांना सांगतो की मुले देवाची देणगी आहेत, त्यांना आनंदाने स्वीकारा. त्याच आवारात, त्याच जोडप्यातला नवरा संध्याकाळी गेटवर ड्युटीला उभा राहतो आणि त्याला आपण एकट्या माणसाचा पगार देतो. मग तिसरे मूल झाले की 'परवडत नव्हते तर कशाला' हे कुजबुजणारेही आपणच.

"कुटुंब करणे ही ज्याची त्याची मर्जी, त्याचा भार संस्थेने का घ्यावा?" हा प्रश्न आम्हांला सभेत तोंडावर विचारला गेला आहे. मोटारसायकल घेणे ही मर्जी असते. पण विवाह हा आपल्याकडे संस्कार आहे, आणि आईबाप सांभाळणे ही तर आज्ञाच. आईबापांना जे द्यायचे ते देवाला वाहिले असे म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने कोणत्या शब्दांत झापले, ते मार्कच्या सातव्या अध्यायात वाचावे. तिथे पैसा मंदिराकडे जात होता म्हणूनही त्याने सूट दिली नाही.

एका आक्षेपात मात्र दम आहे. कुटुंबाच्या वेतनाच्या नावाखाली बायकांना कमी पगार दिला गेला, असे आमच्या शिक्षिका भगिनी म्हणतात आणि ते खरे आहे. "मॅडमचे मिस्टर कमावतात, मॅडमना कशाला जास्त?" हे आपल्या शाळांच्या ऑफिसांतून बोलले गेलेले वाक्य आहे. आणि ज्यांना आपण 'एकटी' म्हणतो त्या अविवाहित मुलीच्या पगारावर गावाकडे आई, वडील आणि भावाची मुले जगत असतात. तिला एकटी म्हणणे हाच अन्याय. म्हणून आम्ही म्हणतो की मूळ पगार सर्वांना सारखा असावा, तीन माणसांना पुरेल त्याहून खाली कुणाचाच नसावा, आणि त्यावर घरात अवलंबून असतील तितक्यांचा भत्ता. नवरा कमावतो म्हणून बाईचा एक रुपया कापायचा नाही. अविवाहिताचाही नाही. सकाळी आलेल्यांचा दीनार कापला नव्हता, असे वर म्हटले ते यासाठी.

इथे रेव्हरंड टिळकांची आठवण येते. ते आपल्या पंथाचे नव्हते, पण मराठी ख्रिस्ती माणसाला ते परके नाहीत. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि संन्यास घेतला. त्यांच्या त्यागाचे गुणगान आपण करतो आणि करावे. पण लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की खिशातले दुसऱ्याला देऊन मोकळा होणाऱ्या माणसाच्या मागे घरातले डबे कोण चाचपत होते. त्याग करणारा आपला त्याग करतो. वॉचमनच्या मुलांच्या दुधाचा त्याग करण्याचा अधिकार पॅरिशच्या अर्थसमितीला कुणी दिला?

"पैसे कुठून आणायचे?" हा शेवटचा बुरुज. नव्या ग्रोटोसाठी ग्रॅनाइट आले तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नाही. फेस्टच्या रोषणाईसाठी, साउंड सिस्टिमसाठी, हॉलच्या एसीसाठी देणगीदार मिळाले, कारण तिथे नावाची पाटी लागते. पगाराला पाटी लागत नाही, ही आमची खरी अडचण आहे. ज्या तरुणांचे वीस हजारांत भागत होते आणि आज त्याच्या कितीतरी पट मिळतात, त्यांच्यापैकी वीस जणांनी महिन्याला हजार रुपये या एकाच कामासाठी बांधून दिले, तर महिन्याचे वीस हजार होतात. चार नोकरांना प्रत्येकी पाच हजार भत्ता त्यातून निघतो. हे गणित करायला सॉफ्टवेअर लागत नाही.

आमच्या पॅरिशच्या पगारपत्रकात नाव, हुद्दा, हजेरी, उचल, कपात आणि सही असे सहा रकाने आहेत. घरी खाणारी माणसे किती, हा रकाना नाही. नव्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकाआधी अर्थसमितीची बैठक होईल. हा सातवा रकाना घालावा असा अर्ज आम्ही धर्मशिक्षकांनी तयार केला आहे, आणि कॅनन २३१ व १२८६ यांचा अर्थ मराठी, तेलुगू आणि इंग्रजीत टाइप करून त्याला जोडला आहे. ज्यांना वाचून सही करायची असेल त्यांनी रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात यावे. समितीतल्या सभासदांनी तर जरूर यावे. येताना गेटवर थांबून वॉचमनला त्याच्या मुलांची नावे विचारली तरी चालेल; अर्जाच्या दुसऱ्या पानावर तीही लिहायची आहेत.