नोंद आमची, हिशेब कुणाचा?

2018 मध्ये नीती आयोगाच्या यादीत आपला जिल्हा 'आकांक्षित' ठरला. म्हणजे मागास ठेवलेल्याला गोड नाव मिळाले. आरोग्याचे आकडे दिल्लीला जातात, जिल्ह्याचा क्रमांक लागतो. 2021 मध्ये देशभर 14 अंकी 'आभा' क्रमांकाचा गाजावाजा झाला. पण उपकेंद्रातल्या सिस्टरने भरलेली माहिती त्याच उपकेंद्राची सेवा सुधारायला परत येते का, हा आमचा सवाल आहे.

आम्ही संगणकीय नोंदींच्या विरोधात नाही. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन धाराशिव सोडणाऱ्या आयाबहिणींनाच त्यांची सर्वाधिक गरज आहे. तपासणी गावात, बाळंतपण कारखान्याच्या कोपीत. मधला कागद हरवतो. शेजारच्या बीडचे उदाहरण घ्या. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाहणी झाली ती बोंब उठल्यावर! वय, कारण आणि दवाखान्यासह प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद कुणी वेळेवर वाचली असती, तर हा प्रकार आधीच उघडा पडला असता.

म्हणून आमची मागणी: जात आणि व्यवसायानुसार आकडे वेगळे काढा. रुग्णांची नावे झाकून ते ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत वाचा. नोंदीची मराठी प्रत बाईच्या हाती द्या.

1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेब कामगार स्त्रीच्या बाळंतपणाच्या सवलतींसाठी बोलले. तो उपकार नव्हता, हक्क होता. येत्या ग्रामसभेत हाच हक्क मागू या.

जय भीम!